मुलींचे उद्दाम वर्तन आणि कौशल्याधिष्ठित उपचार : भाषेच्या अंगाने एक विवेचन

किशोरवयीन मुलगी घरात उलट बोलू लागली, वस्तू फेकू लागली, शाळा चुकवू लागली किंवा न सांगता घराबाहेर राहू लागली, म्हणजे तिच्या वर्तनाचे कारण शोधण्यापूर्वीच समाज त्या वर्तनाला एखादे नाव देऊन मोकळा होतो. ‘वांड’, ‘आगाऊ’, ‘तोंडाळ’, ‘उद्धट’, ‘हाताबाहेर गेलेली’ ही अशा नावांपैकी काही होत. ही सारी विशेषणे व्यक्तीच्या स्वभावाला चिकटतात. तिच्या कृतीशी त्यांचा संबंध दूरचा असतो. ‘तिने काल ताट फेकले’ हे विधान एका दिवसापुरते आहे. ‘ती वांड आहे’ या विधानाला काळाची मर्यादा नाही. शिवाय मुलाच्या बाबतीत ‘वांड’ या शब्दात पुष्कळदा कौतुकाची छटा असते, ती मुलीच्या बाबतीत संपूर्णपणे लोप पावते. गेल्या अर्धशतकात अशा वर्तनावर जे उपचार विकसित झाले, त्यांतील एका महत्त्वाच्या प्रवाहाचा आरंभ स्वभावाविषयीच्या विधानाकडून कृतीविषयीच्या विधानाकडे येण्यातच होतो. त्या प्रवाहास कौशल्याधिष्ठित उपचार असे म्हणता येईल. त्याचे स्वरूप स्पष्ट करणे आणि मराठी बोलणाऱ्या, विशेषतः बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावात वाढणाऱ्या मुलीपर्यंत तो पोहोचावयाचा तर भाषेच्या कोणत्या प्रश्नांचा विचार करावा लागेल हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या वर्गातील विकारांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांपैकी दोन विकार येथे महत्त्वाचे आहेत. पहिल्यास विरोध-अवज्ञा विकार म्हणता येईल. सतत चिडलेली मनःस्थिती, वडीलधाऱ्यांशी वाद व अवज्ञा, आणि सूडबुद्धी ही त्याची तीन अंगे असून, ही लक्षणे निदान सहा महिने टिकून राहिली पाहिजेत अशी अट आहे. दुसरा आचरण विकार. त्यात माणसांना वा प्राण्यांना इजा करणे, मालमत्तेची नासधूस, खोटेपणा व चोरी, आणि घरातून पळून जाणे किंवा शाळा बुडविणे यांसारखा गंभीर नियमभंग यांचा समावेश होतो.

हे विकार मुलग्यांत अधिक प्रमाणात आढळतात. त्यामुळे उपचारांचे बरेचसे आरंभीचे संशोधन मुलग्यांवर झाले आणि मुलींच्या वर्तनातील एक विशेष दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या संशोधिकांनी १९९५ मध्ये असे दाखवून दिले की, मुलींची आक्रमकता पुष्कळदा नातेसंबंधांच्या मार्गाने व्यक्त होते : मैत्रिणीविषयी अफवा पसरविणे, एखादीला गटातून वगळणे, अबोला धरणे. हे प्रहार हाताने होत नाहीत. शब्दाने किंवा शब्द रोखून होतात. अर्थात मुलींच्या वर्तनविकारात भाषा हे केवळ उपचाराचे साधन नसून, ती वर्तनाचे क्षेत्रही आहे. पळून जाणे, खोटे बोलणे, शाळा टाळणे हेही प्रकार मुलींत वारंवार दिसतात, आणि त्यांच्यामागे घरातील हिंसा किंवा लैंगिक छळ दडलेला असू शकतो. म्हणून निदानापूर्वी त्या दिशेने चौकशी होणे ही उपचाराची पहिली अट समजली पाहिजे.

कौशल्याचा सिद्धान्त

कौशल्याधिष्ठित उपचारांच्या मुळाशी एक साधी भूमिका आहे. भडकणारे मूल सामान्यतः मुद्दाम वाईट वागत नाही. त्या क्षणी दुसरे कसे वागावे हे त्याला येत नसते. पोहता न येणाऱ्यास बुडाल्याबद्दल शिक्षा करून पोहणे येत नाही, तसेच राग आवरण्याचे, मागणी मांडण्याचे किंवा नकार देण्याचे कौशल्य नसलेल्या मुलीस केवळ दंड करून ते कौशल्य येणार नाही. ते पायरीपायरीने शिकवावे लागते, त्याचा सराव करून घ्यावा लागतो.

हे वर्तन घरात कसे रुजते याचे विवेचन ऑरेगन येथील जेरल्ड पॅटरसन यांनी १९८२ मध्ये केले. आई काम सांगते, मुलगी ओरडते, आई कंटाळून मागणी सोडून देते. मुलीला ओरडण्याचा लाभ कळतो. दुसऱ्या वेळी आई अधिक मोठ्याने ओरडते व मुलगी गप्प होते. आईलाही ओरडण्याचा लाभ कळतो. दोघीही परस्परांना जबरदस्तीचेच शिक्षण देत राहतात. यास्तव मुलीबरोबर तिच्या पालकांनाही शिकविणे हा या उपचारांचा आवश्यक भाग ठरला.

दुसरा महत्त्वाचा धागा डोनाल्ड माइकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांच्या १९७१ मधील कार्याचा आहे. बालकाचे बाह्य बोलणे हळूहळू आंतरिक बोलणे बनते व त्याच्या कृतीचे नियमन करू लागते, हा लेव्ह विगोत्स्की व अलेक्सांद्र लुरिया यांचा विचार त्यांनी उपचारात आणला. त्यांची पद्धत पाच पायऱ्यांची होती. प्रथम शिक्षक मोठ्याने स्वतःशी बोलत काम करून दाखवितो. नंतर मूल शिक्षकाच्या सूचनेबरहुकूम तेच करते. मग ते स्वतः मोठ्याने बोलत करते. पुढे कुजबुजत करते. आणि अखेरीस मनातल्या मनात बोलून करते. उतावळ्या मुलास ‘विचार कर’ असे सांगण्याऐवजी विचार करतेवेळी कोणती वाक्ये बोलावयाची, हेच येथे शिकविले जाते.

तिसरा धागा मार्शा लिनहान यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचा. १९९३ मध्ये त्यांनी त्याची कौशल्ये चार गटांत मांडली : सजगता, ताण सोसण्याची शक्ती, भावनांचे नियमन आणि परस्परसंबंधांतील परिणामकारकता. हा उपचार मूलतः स्वतःस इजा करणाऱ्या प्रौढ स्त्रियांसाठी होता. अलेक मिलर व जिल राथस यांनी तो किशोरवयीनांसाठी जुळवून घेतला आणि पालक व मूल यांनी टोकांच्या मधला मार्ग कसा काढावा याविषयीचा पाचवा गट त्यात जोडला. विरोध-अवज्ञा विकार असलेल्या किशोरवयीनांसाठी या कौशल्यांचा १६ आठवड्यांचा गटवर्ग घेतल्याचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष आशादायक असले, तरी तो अभ्यास लहान व प्राथमिक स्वरूपाचा होता.

भावना आणि कृती यांचे व्याकरण

आता हे शिक्षण मराठीतून कसे द्यावयाचे, या प्रश्नाकडे वळू. इंग्रजी पुस्तिकांतील वाक्ये शब्दशः उतरविली, तर ‘मला दुःखी वाटते जेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडता’ यासारखी कृत्रिम रचना जन्मास येते. धर्मापुरीतील मुलगी असे वाक्य कधीच बोलणार नाही, आणि जे वाक्य तोंडी बसत नाही ते रागाच्या क्षणी आठवणारही नाही. ‘तुम्ही सगळ्यांसमोर बोललात की मला लई वाईट वाटतं’ ही रचना तिच्या जिभेवर आयती आहे. उपचाराचे वाक्य मुलीच्या बोलीतूनच घडविले पाहिजे.

परंतु मराठीचे साहाय्य एवढ्यापुरतेच मर्यादित नाही. भावना आणि कृती यांची फारकत करणे हे या उपचारातील मध्यवर्ती काम आहे, आणि ती फारकत मराठीच्या वाक्यरचनेत मुळातच आहे. ‘मला राग आला’ या वाक्यात राग हा कर्ता असून बोलणारी व्यक्ती चतुर्थीत आहे. राग तिच्याकडे येतो. ‘मी ताट फेकले’ या वाक्यात मात्र ती स्वतः कर्ती आहे. तृतीय पुरुषात ‘तिने’ या रूपाने तिचे कर्तृत्व प्रत्ययाने दाखविलेच जाते. रागाचे येणे ही अनुभवाची गोष्ट, ताटाचे फेकणे ही कर्तृत्वाची. पहिलीबद्दल मुलीस दोष देण्याचे कारण नाही, दुसरीची जबाबदारी तिने घ्यावयाची आहे. हेच तत्त्व समजाविण्यास पाठ्यपुस्तकांना कित्येक पाने लागतात.

या दोहोंमध्ये तिसरी एक रचना आहे : ‘माझ्या हातून ताट फुटले.’ येथे कर्तृत्व हातावर ढकलले जाते. घडलेल्या प्रसंगाची साखळी उलगडताना, म्हणजे आधी काय घडले, मग मनात काय आले, मग शरीरात काय झाले, मग काय केले हे क्रमाने सांगताना, मुलगी ‘हातून’ या शब्दाकडे केव्हा वळते, हे मार्गदर्शिकेने लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. तिने दरडावू नये. केवळ ‘तेच वाक्य मी-ने सुरू करून सांग’ असे म्हणावे.

समजा, नववीत शिकणारी एक मुलगी आहे. भावाला मोबाइल मिळाला आणि तिला भांडी घासण्यास सांगण्यात आले. ती म्हणते, ‘मला राग आला म्हणून मी ताट फेकलं.’ या वाक्यातील सर्वांत घातक शब्द ‘म्हणून’ हा होय. तो दोन घटनांमध्ये असा कार्यकारणभाव जोडतो की, मध्ये निवडीला जागाच उरू नये. कौशल्यशिक्षणाचे उद्दिष्ट त्या ‘म्हणून’च्या जागी ‘तरी’ आणणे हे आहे : ‘मला राग आला तरी मी ताट खाली ठेवलं.’ या वाक्यात राग नाकारलेला नाही. भावाला मोबाइल आणि बहिणीला भांडी ही वागणूक अन्यायाची असू शकते, आणि राग रास्त असू शकतो. भावनेचा स्वीकार आणि वर्तनातील बदल ही दोन्ही एकाच वेळी साधणे, याच अर्थाने लिनहान यांनी आपल्या उपचारास द्वंद्वात्मक म्हटले आहे.

‘म्हणून’ आणि ‘तरी’ यांच्यामध्ये वेळ कोठून मिळवावयाचा? याचेही उत्तर बोलीत सापडते. तळपायाची आग मस्तकात जाणे हा वाक्प्रचार रागाला एक वाट देतो. म्हणजे राग पायाशी असतानाच तो ओळखता आला, तर मस्तकापर्यंत पोहोचण्यापूर्वी काही करता येईल. प्रमाण मराठीतील ‘मला राग येतो आहे’ हे वाक्य बीड-लातूरकडील मुलगी ‘मला राग यायलाय’ असे बोलते. ‘आला’ हे रूप पूर्ण झालेली घटना सांगते. ‘यायलाय’ हे रूप चालू क्रिया सांगते. ‘राग आला’ याऐवजी ‘राग यायलाय’ असे वेळेवर म्हणता येणे, हेच या उपचारातील पहिले कौशल्य होय. ते वाक्य उच्चारल्यावर करावयाच्या गोष्टी साध्या आहेत : तोंडावर गार पाणी मारणे, श्वास सावकाश सोडणे, अंगणात जाऊन येणे, हाताला दुसरे काम देणे. यांनी प्रश्न सुटत नाही; प्रश्न बिघडू न देता काही मिनिटे निभावून नेता येतात.

नावे देण्याचेही शिक्षण द्यावे लागते. चीड, वैताग, संताप, रुसवा, हेवा, अपमान, धास्ती या सर्वांना ‘डोकं फिरलं’ हे एकच नाव असेल, तर त्या सर्वांवरील उपायही एकच राहतो. धास्ती वाटत असेल तर सोबत शोधावी लागते, अपमान झाला असेल तर तो बोलून दाखवावा लागतो, हेवा वाटत असेल तर आपली मागणी काय आहे हे ठरवावे लागते. शब्द वेगळे झाले की उपायही वेगळे सुचू लागतात.

नकाराची तीन रूपे

परस्परसंबंधांच्या कौशल्यात मागणे व नाकारणे यांना मुख्य स्थान आहे. मराठीत निषेधाची तीन रूपे नित्य वापरात आहेत. ‘नको’ हे इच्छेचा अभाव सांगते, ‘नाही’ हे वस्तुस्थिती किंवा निश्चय सांगते, आणि ‘नये’ हे औचित्य सांगते. खेड्यातील मुलीच्या कानावर लहानपणापासून ‘नये’ पडत असते : उलटून बोलू नये, मोठ्याने हसू नये, उंबऱ्यात उभे राहू नये. स्वतःच्या इच्छेविषयी ‘नको’ म्हणण्याची संधी मात्र तिला क्वचितच मिळते. आणि वडीलधाऱ्यांसमोर तिने ‘नाही’ म्हटले की ते उद्धटपणात जमा होते. ज्याला नकाराचे शब्द उपलब्ध नाहीत, तो वस्तू फेकून, पळून जाऊन किंवा अबोला धरून नकार देतो. उद्दाम वर्तनाचा काही भाग तरी असा भाषेवाचून दिलेला नकार असतो.

‘मला शाळा सोडायची नाही’ आणि ‘मी शाळा सोडणार नाही’ या दोन वाक्यांतील अंतर येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिले इच्छा सांगून बोलणे चालू ठेवते. दुसरे निश्चय सांगून वाद संपविते. मुलीस दोन्ही बोलता आली पाहिजेत, आणि कोणते केव्हा बोलावे याचा सराव भूमिका करून घेतला पाहिजे. आजीशी कसे बोलावे, वडिलांशी कसे, शाळेतील बाईंशी कसे, हे संबोधनाच्या व आदरार्थी रूपांसह प्रत्यक्ष बोलून पाहावे लागते. आदर राखूनही ठाम राहता येते, हे सांगण्यापेक्षा करून पाहिल्यानेच पटते.

येथे एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. उपचाराचा हेतू मुलीस निमूट करणे हा समजला गेला, तर तो उपचार राहणार नाही. सतराव्या वर्षी ठरविलेले लग्न नाकारणारी मुलगी विरोध-अवज्ञा विकाराची रुग्ण नव्हे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार ती आपल्या हक्काचेच बोलत असते.

धर्मापुरीसारख्या गावात

हा धोका काल्पनिक नाही. परळी तालुक्यातील धर्मापुरी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना तेथील प्राचीन केदारेश्वर मंदिरामुळे परिचित आहे; परंतु ते ज्या बीड जिल्ह्यात आहे, त्याची दुसरी ओळख ऊसतोड मजुरांचा जिल्हा अशी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वयात आलेली मुलगी एक तर फडावर जाते व तिची शाळा सुटते, अथवा आजीजवळ राहते व तिच्या सुरक्षिततेची चिंता आईवडिलांना लागून राहते. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते; महाराष्ट्राचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. अशा परिस्थितीत ‘हाताबाहेर गेलेली’ हे विशेषण एखाद्या मुलीस चिकटले, की तिचे हात पिवळे करणे हाच उपाय कुटुंबास सुचतो. एका शब्दाची किंमत येथे एका आयुष्याएवढी होऊ शकते.

या भागात अशा वर्गांची आखणी करावयाची तर कॅलेंडरकडे प्रथम पाहावे लागेल. सोळा आठवड्यांचा क्रम जूनमध्ये शाळेबरोबर सुरू झाला, तर तो ऊसतोडीच्या स्थलांतरापूर्वी संपतो व आईवडिलांना त्यात भाग घेता येतो. दिवाळीनंतर सुरू झाला, तर पालकांच्या जागी आजीला शिकवावे लागेल. घरी राहणाऱ्या मुलीची पालक वर्षातील निम्मा काळ आजीच असते, म्हणून तिला वगळून केलेली कोणतीही योजना अपुरी ठरेल.

शिकविणारे कोण, या प्रश्नास मराठवाड्यातच एक उत्तर मिळालेले आहे. पैठण तालुक्यातील पाचोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्षभराचा वर्ग चालविला. गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया आठवड्यातील कामाच्या दिवशी रोज सायंकाळी एक तास तो घेत असत. त्या गावांत लग्नाचे मध्यक वय सुमारे १६ वरून १७ वर गेले. हा वर्ग वर्तनविकारांसाठी नव्हता. तथापि गावातील स्त्रीने, गावच्या भाषेत, दिवसाच्या शेवटी घेतलेला वर्ग मुलींपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

वर्तनाच्या अधिक जवळ जाणारा पुरावा गोव्यातील संगाथ या संस्थेच्या कार्यातून मिळतो. तिने दिल्लीतील सरकारी शाळांमध्ये नववी ते बारावीच्या सुमारे २५० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी समस्या ओळखणे, पर्याय मांडणे आणि कृती करून पाहणे ही तीन पावले चार-पाच भेटींत शिकविली. विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी केवळ पुस्तिका मिळालेल्या गटापेक्षा अधिक कमी झाल्या. लक्षणांच्या सर्वसाधारण मापनात मात्र दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मुलीच्या स्वतःच्या शब्दांत मांडलेली अडचण आणि प्रश्नावलीच्या शब्दांत मोजलेले लक्षण यांतील हे अंतर भाषेच्या अभ्यासकांनी विचारात घेण्यासारखे आहे.

मर्यादा

कौशल्यशिक्षण सर्व ठिकाणी पुरेसे नाही. स्वतःस इजा करणे, व्यसन, आग लावणे, शस्त्र वापरणे अथवा छळाची शंका असल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणे अपरिहार्य आहे. धर्मापुरीस त्यासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतूनही साहाय्य देतो. दुसरी मर्यादा गटाची आहे. थॉमस डिशन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे दाखविले की, केवळ बंडखोर किशोरवयीनांचेच गट बनविल्यास ते एकमेकांच्या गैरवर्तनास हसून दाद देतात व वर्तन अधिक बिघडू शकते. म्हणून वर्ग वर्गातील सर्व मुलींसाठी असावा. त्यामुळे कोणा एकीवर शिक्काही बसत नाही. तिसरी मर्यादा अन्यायाची आहे. भावाला मोबाइल आणि बहिणीला भांडी ही व्यवस्था मुलीने कितीही श्वास सावकाश सोडला तरी बदलत नाही. ती पालकांनीच बदलावयाची असते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे कामाचे मोठे क्षेत्र मोकळे आहे. परळी, केज, धारूर, अंबाजोगाई या परिसरातील मुली राग, अपमान आणि नकार प्रत्यक्षात कोणत्या वाक्यांनी व्यक्त करतात, आजीशी बोलताना ती वाक्ये कशी बदलतात, आणि कोणत्या रचनेने बोललेला नकार घरात ऐकून घेतला जातो, याचा पद्धतशीर संग्रह झाला, तर मानसोपचारकास भाषांतरित पुस्तिकेपेक्षा अधिक उपयुक्त साधन हाती येईल. असा संग्रह करताना मुलींची नावे व ओळख गुप्त ठेवणे, पालकांची संमती आणि मुलीची स्वतःची मान्यता घेणे आवश्यक आहे. मुलीस ‘नको’ म्हणावयास शिकविणाऱ्या अभ्यासाचा आरंभ, त्या अभ्यासासही तिला ‘नको’ म्हणता यावे या व्यवस्थेनेच झाला पाहिजे.